खदानीतला बुढा आणि साबणाचं पाणी

रेवा आणि ईशान,

गेल्या महिन्यात तुमच्या शाळेची सहल लिहायच्या पाटीच्या दगडाच्या एका जुन्या खाणीत गेली होती आणि रेवाने मला तिथला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘आजी, तुला हे कंटाळवाणं वाटेल.’ मी तो फोटो चष्मा लावून पाहिला, मग खिडकीशी नेऊन पाहिला. डोंगराच्या पोटात कापलेल्या राक्षसी पायऱ्या, दोरांच्या ओळी, खाली करड्या चिपांचे ढीग. मी तुमच्या देशात कधी आले नाही, पण तो डोंगर मला ओळखीचा आहे. तो एकदा वर्ध्यात, माझ्या टेबलावर, ओल्या टॉवेलात गुंडाळून आला होता.

इथल्या एका दिवाळी अंकाने मला माझ्या कामाबद्दल लिहायला सांगितलं आहे. मी ते तुम्हालाच लिहिते आहे, अंकवाल्यांनी सांभाळून घ्यावं. मराठी कुठे अडलं तर आईला विचारा. खदानीतल्या माणसांची बोली अडली तर मला फोन करा, कारण ती तुमच्या आईलाही येत नाही.

मी कागद दुरुस्त करत असे. वर्ध्याच्या एका जुन्या संस्थेच्या ग्रंथालयात मागच्या बाजूला उत्तरेच्या उजेडाची एक खोली होती, तिथे मी बसायची. शिकले होते रसायनशास्त्र, तेही इंग्रजीतून, आणि नातेवाइकांना वाटायचं की एवढं शिकून ही फाटक्या पुस्तकांना चिकटपट्ट्या लावते. चिकटपट्टी मी आयुष्यात कधी लावली नाही. दुसऱ्यांनी लावलेल्या मात्र शेकडो काढल्या.

कागदाचे शत्रू कोण, असं कुणी विचारलं की मी ऊन, ओल, वाळवी आणि आम्ल एवढी नावं सांगायची. पाचवं नाव मनात ठेवायची, ते म्हणजे माया करणारी माणसं. पुलगावच्या एक बाई आजोबांचा नकाशा घेऊन आल्या होत्या. घड्या जाव्यात म्हणून त्यांनी त्यावर पाणी शिंपडून गरम इस्त्री फिरवली होती, आणि नद्या इस्त्रीच्या तळाला चिकटून गेल्या होत्या. एका कापडदुकानदाराला वडिलांच्या जुन्या चित्रातल्या मिशा जरा भरघोस करून हव्या होत्या. ‘होत्याच तशा, बाई, चित्रकारानंच कंजुषी केली,’ असं तो म्हणाला. मी नकार दिला. तो नागपूरला गेला आणि तिथून मिशा लावून आला.

ग्रंथालयात एक लाकडी पेटी होती. रेल्वेच्या कामावर असलेल्या कुणा इंजिनिअरने जमवलेली छापचित्रं तिच्यात होती, आणि सगळी एकाच विषयाची: दगड काढणारी माणसं. संगमरवराच्या खाणी, पुलासाठी फोडलेला काळा दगड, डोक्यावर पाट्या घेऊन चढणाऱ्या बाया, पाटीचा दगड. छापचित्र म्हणजे काय ते सांगते. वर्तमानपत्रात फोटो छापता येत नव्हते तेव्हा चित्रकार चित्र काढायचा, कोरणारा ते लाकडावर उलटं कोरायचा, त्यावर शाई लावून कागद दाबायचे. नंतर कुणी हाताने रंग भरायचं. त्यामुळे एकाच चित्राच्या कितीतरी प्रती जगभर फिरत असतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. नवरात्रातल्या अष्टमीचा दिवस, सकाळीच ऊन तापलेलं. मी खोली उघडते आहे तोवर पायरीवर एक बाई बसलेली दिसली, विशी-बाविशीची. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी, आणि ते तिने तान्ह्या मुलासारखं धरलेलं.

‘कागदाच्या बाई तुमीच काय?’

‘हो. काय आणलंय?’

‘बुढा आनला,’ ती म्हणाली. ‘आमचा बुढा. त्याच्या आंगातून रगत निंगून राह्यलं.’

तिचं नाव कांता. पवनारच्या पलीकडे खदानीजवळ दगडफोड्यांची वस्ती होती, तिथली ती सून. दहावी पास झालेली, वस्तीत तेवढी शिकलेली ती एकटीच. सावंगीच्या दवाखान्यातल्या एका सिस्टरने तिला माझं नाव सांगितलं होतं. त्या सिस्टरच्या वडिलांचे कागद मी दुरुस्त केले होते.

टॉवेल उलगडला आणि मी हात मागे घेतला. आत हाताने रंगवलेलं छापचित्र होतं, जाड पुठ्ठ्यावर, काच नसलेल्या चौकटीत. मागे डोंगर, पुढे एक दाढीवाला माणूस बसलेला, मांडीला दगडाची लादी टेकवून तिच्यात रुंद छिन्नी घालणारा. डोक्यावर हळदीचा आणि दिव्याच्या काजळीचा एवढा थर की फेटा बांधल्यासारखा दिसे. आणि कपाळापासून छातीवर, छातीवरून गुडघ्यावर, तिथून पावलापर्यंत गडद लाल ओघळ. वाळून आकसू नये म्हणून तिने टॉवेल ओला ठेवला होता, त्यामुळे कागद अजून ओला होता.

‘साबण लावलास?’

‘सोडा टाकला होता पान्यात,’ ती म्हणाली. ‘नवरात्राची साफसफाई होती. म्हटलं खंडेनवमीले बुढा साजरा दिसन.’

वस्तीची रीत अशी होती. खंडेनवमीला सब्बल म्हणजे पहारी, घण, छिन्न्या धुऊन या चित्रापुढे मांडायच्या आणि चित्रातल्या बुढ्याच्या कपाळाला हळद लावायची. हा त्यांच्या खानदानाचा मूळपुरुष. पूर्वी काच होती, ती सुरुंगाच्या हादऱ्याने फुटली, तेव्हापासून हळद थेट कागदावर. हळदीला साबण, सोडा किंवा चुना लागला की ती लाल होते. कुंकू करतात ते असंच.

मी तिला हे समजावू लागले. दोन वाक्यांतच तिने मला थांबवलं.

‘मालूम हाय बाई. लुगड्यावरची हयद लाल होते थे सगळ्या बायायले मालूम हाय. माह्या सासूलेबी मालूम हाय. पन लुगड्यावर होते थो डाग. बुढ्याच्या पायावर होते थे रगत. दुसऱ्या दिवशी यायच्या पायावर गोटा पडला.’

‘यायच्या’ म्हणजे तिच्या नवऱ्याच्या. विलास नाव त्याचं. तो सावंगीला दवाखान्यात होता, आणि पाय राहतो की जातो ते डॉक्टर अजून सांगत नव्हते.

‘सासू म्हनते, शिकलेली सून आनली त तिनं देवालेच धुनं धुतलं. उद्याच्या पूजेले बुढा जसा होता तसा पायजे. नाई त तू तुह्या मायच्या घरी जा, अन् इलास बरा झाला तरी येजो नको.’

असं काम मी एरवी पंधरवडाभर घेऊन करत असे. तिच्या हाती तो एक दिवस होता. मी चौकट उकलली आणि टेबलावर पांढरा कागद पसरला.

पहिली परीक्षा पाण्याची. कोपऱ्यातल्या निळ्या आभाळावर मी ब्रशच्या टोकाने पाण्याचा एक थेंब ठेवला आणि टिपकागद टेकवला. टिपकागद निळा झाला. हाताने भरलेले रंग पाण्यात जात होते, म्हणजे चित्र पाण्यात घालायचं नाही.

‘लिंबू पिळा ना,’ कांता म्हणाली. ‘लिंबानं पिवयं होते.’

‘होतं. आणि काही वर्षांत तिथला कागद करपून गळतो. लिंबू नको.’

राहिलं स्पिरिट. हळद पाण्यापेक्षा स्पिरिटात पुष्कळ जास्त विरघळते, आणि त्या रंगांना स्पिरिट सहसा छेडत नाही. मी गुडघ्याच्या बाजूला एक थेंब सोडला. लाल डाग सैल झाला, पिवळा होऊन वर टेकवलेल्या टिपकागदात आला. शाई हलली नाही.

पण मूळ चित्र कसं होतं ते कळल्याशिवाय किती काढायचं ते ठरत नाही. मांडीला दगड टेकवण्याची ती तऱ्हा मी कुठेतरी पाहिली होती. आपला काळा दगड असा फुटत नाही. असा पापुद्रे सुटल्यासारखा पाटीचाच दगड फुटतो. मी लाकडी पेटी काढली, पाटीच्या दगडाचा कप्पा उघडला, आणि तिसरंच चित्र तेच निघालं. तोच डोंगर, तीच दोरांची ओळ, तोच दाढीवाला. स्वच्छ.

‘हाच!’ कांता उभी राहिली. ‘बाई, हाच द्या ना मले. तो तुमी ठेवा. मी याले हयद लावतो, कोनाले कयनार नाई...’

आणि ती थांबली. तिची नजर बुढ्याच्या डोक्यावर गेली होती. फेटा नव्हता. रुंद काठाची, मळकट, गोल टोपी होती. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत तुमच्या सहलीतल्या त्या परदेशातल्या खाणीचं नाव होतं. ते तिने एकेक अक्षर जुळवून वाचलं. दहावीपर्यंतचं इंग्रजी तिला होतं, तेवढं पुरलं.

‘हा त साहेब हाय,’ ती म्हणाली.

मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली.

‘आमचा बुढा साहेब हाय?’

‘हा खाणकामगार आहे,’ मी म्हटलं. ‘तिकडचा. तिकडचे लोक अशी टोपी घालत.’

ती खाली बसली. मग ती अगदी हळू म्हणाली, ‘बाई, थे हयद धुतली का टोपी दिसन.’

तेच माझ्याही मनात आलं होतं. माझ्या धंद्यात शिकवतात की डाग काढता येत असेल तर काढावा. मी तो पूर्ण काढला असता तर एक सुंदर, स्वच्छ छापचित्र तयार झालं असतं, आणि उद्या वस्तीने छिन्न्या मांडल्या असत्या टोपीवाल्या साहेबापुढे. न काढता दिलं असतं तर रक्त.

‘कपाळापासून वर हात लावायचा नाही,’ मी म्हटलं. ‘भिवयांच्या खालचं सगळं काढू.’

‘कपायावर लाल राहीन मंग.’

‘कपाळावरच्या लालला काय म्हणतात?’

तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हललं. ‘कुकू,’ ती म्हणाली.

मग आम्ही दोघी कामाला लागलो. आश्विनातल्या उन्हात स्पिरिट भराभर उडतं, आणि थेंब वाळायच्या आत टिपला नाही तर त्याची काठासारखी रेघ उरते, ती पुन्हा जात नाही. मी थेंब सोडायची, कांता वरून टिपकागद दाबायची. खोलीत स्पिरिटचा वास कोंडला म्हणून दारं उघडी, दारं उघडी म्हणून गरम वारा, आणि वारा म्हणून थेंब आणखी लवकर वाळायचे. छाती साफ झाली. गुडघा साफ झाला. मी तिला बोलू देत नव्हते आणि ती मला उठू देत नव्हती.

पावलाशी कागद झिजला होता. तिथे तिने साबणाचा बोळा चोळला होता आणि तंतू मऊ लगद्यासारखे उभे राहिले होते. मी थेंब सोडला. तिने टिपकागद ठेवला, दाबला, उचलला. आणि टिपकागदाबरोबर पाऊल आलं.

चित्रात घोट्याखाली भोक होतं. त्यातून मागचा पुठ्ठा दिसत होता.

‘पाय गेला,’ कांता म्हणाली. ती ओरडली नाही, हेच वाईट होतं. ‘बाई, पाय गेला यायचा.’

‘हलू नकोस. हात होता तिथेच ठेव.’

‘पाय गेला...’

‘कांता, ऐक. कागद हरवलेला नाही, तुझ्या हातात आहे. श्वाससुद्धा दुसरीकडे सोड.’

कागदात साबण उरला होता, त्याने तंतू टिपकागदाला धरले होते. टिपकागद मी उलटा करून काचेवर ठेवला. त्यावर पाऊल होतं, उलटं, नखाएवढं, बुटासकट. मी मागून स्पिरिट सोडलं, हाडाच्या पातळ पट्टीने एकेक तंतू सुटा केला, आणि सुटलेलं पाऊल मेणकागदावर घेतलं. कपाळाचा घाम खाली पडू नये म्हणून मी डोक्याला रुमाल बांधला होता. नेमकी तेव्हाच वीज गेली. पंखा थांबला ते बरंच झालं, कारण तो तुकडा फुंकरीनेही उडाला असता.

आता चित्र उलटायला हवं होतं, भोक मागून भरायचं तर. ओलं झालेलं जुनं चित्र उलटणं हा या कामातला सगळ्यात वाईट क्षण. मागचा पुठ्ठा ओलाव्याने सुटला होता, तेवढं साबणाच्या पाण्याने आमच्यावर उपकार केले होते. चित्र दोन मेणकागदांच्या मध्ये घेतलं, तिने एक बाजू धरली, मी दुसरी.

‘मी हं म्हटलं की उलटायचं. घाई नाही, पण मध्येच थांबायचंही नाही.’

‘पोयी उलटवतो तसं?’

‘पोळी फाटली तर दुसरी लाटता येते.’

‘मंग नका सांगू,’ ती म्हणाली, आणि मला त्या अवस्थेतही हसू आलं.

हं म्हटलं. उलटलं. काही फाटलं नाही.

गव्हाच्या सत्त्वाची खळ मी घट्ट केली, जवळजवळ कोरडी, कारण पाणी पुढे झिरपलं तर रंग पसरला असता. पातळ जपानी कागदाच्या ठिगळावर ती बोटाने नुसती फिरवली. ठिगळ भोकावर बसवलं, चित्र पुन्हा सरळ केलं, आणि भोकात ते पाऊल ठेवलं. कडेला केसाएवढी फट राहिली. ती मी भरली नाही. भरायला गेले असते तर पाऊल पुन्हा सरकलं असतं.

संध्याकाळच्या बसपर्यंत ते वाळणार नव्हतं. म्हणून पाटावर सपाट ठेवून, वर टिपकागद आणि काच बांधून, मीच तिच्याबरोबर निघाले. पाट आम्हा दोघींच्या मांड्यांवर आडवा होता. प्रत्येक खड्ड्याला ती दोन्ही हातांनी तो उचलून धरायची.

‘बाई, आरसा हाय काय?’ कंडक्टरने विचारलं.

‘आमचा बुढा होय,’ कांता म्हणाली.

‘मंग त्याचंबी तिकीट फाडू काय?’

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे सरकला.

सासू दारातच उभी होती. चंद्रभागाबाई, उंच, वाळलेली, हाताला घट्टे. आजूबाजूच्या बायका गोळा झाल्या. मला नमस्कार नाही, बसा नाही.

‘आनला?’

कांताने पाट ओट्यावर ठेवला. मी काच काढली, टिपकागद कडेने गुंडाळत उचलला. त्या क्षणी माझं लक्ष फक्त पावलावर होतं. ते जागेवर होतं.

चंद्रभागाबाई वाकल्या. आधी त्यांनी छाती पाहिली, मग गुडघा, मग पाऊल. पावलापाशी त्यांचं बोट कागदाच्या अगदी वर येऊन थांबलं. मग त्या कपाळाकडे आल्या आणि फार वेळ पाहत राहिल्या. कांता माझ्या मागे उभी होती आणि तिने माझ्या पदराचं टोक धरलं होतं.

‘रगत नाई आता,’ एक शेजारीण म्हणाली.

‘कपायावर लाल हाय,’ दुसरी म्हणाली.

‘कुकू होय थे,’ चंद्रभागाबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात: ‘टोपीले हात नाई लावला. बरं केलं.’

टोपी म्हणाल्या त्या, फेटा नव्हे.

‘काच होती तवा साफ दिसे,’ त्या तशाच हळू म्हणाल्या. ‘माह्या सासूनं दाखवलं होतं. टोपी असो का फेटा, बसला कसा हाय थे पाहा ना. मांडीले गोटा लावून.’ मग त्या सरळ झाल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, ‘ये कांता! मांगं काऊन उभी राह्यली? ठेव बुढ्याले जाग्यावर. तूच ठेव. अन् पुन्ना साबन घेऊन त्याच्याजवय गेली त पाहाजो!’

बायका हसल्या. कांताने माझा पदर सोडला.

विलासचा पाय राहिला, चाल थोडी लंगडी झाली. कागदावरच्या पावलाचा आणि त्याचा काही संबंध नाही, हे रसायनशास्त्र शिकलेली तुमची आजी तुम्हाला सांगते. तिथल्या कुणाला मात्र मी ते सांगायला गेले नाही. ग्रंथालयात मी या कामाची नोंद ‘अर्धवट स्वच्छता’ अशी केली. आमच्या धंद्यात हे शब्द कमीपणाचे आहेत. ते लिहिताना मला जरा जड गेलं, आणि दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

रेवा, तू पाठवलेला फोटो मी मोठा छापून घेतला आणि गेल्या आठवड्यात पवनारच्या पलीकडे जाऊन आले. खदान बंद झाली आहे, तिच्यात पाणी साचलं आहे. चंद्रभागाबाई गेल्या. कांता घर चालवते, तिचे केस पिकायला लागले आहेत. तुझा फोटो तिने हातात घेऊन पाहिला आणि विचारलं, ‘पोरगी त्या डोंगरावर चढली होती काय? पाय संभायून चढ म्हना.’

ग्रंथालयातली स्वच्छ प्रत पेटीत आहे, टोपीसह. दुसरी प्रत कांताच्या घरात भिंतीवर आहे. पावलाभोवतीची फट अजून दिसते, ठिगळ सुटलेलं नाही. पुढे नवी काच बसवली आहे, आणि खंडेनवमीला हळद आता काचेवर लावतात.